माजघरात पडदा लावताना

(कोकणातल्या एका वाचनालयात महिलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मैत्रिणींनो, आणि मागे उभे असलेल्या बंधूंनो,

युद्धात सापडलेल्या बायकांवरचा एखादा माहितीपट आपल्या घरी दाखवायचा, आलेल्यांकडून जमेल तेवढे पैसे घ्यायचे आणि अशा बायकांसाठी काम करणाऱ्यांना ते पाठवायचे, हे मी तुम्हाला सुचवायला आले आहे. पण आधी लायबेरियाची गोष्ट सांगते. ती माहीत असली की बाकीचं समजावायला फार वेळ लागणार नाही.

लायबेरिया हा पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा लहानसा देश. 1989 साली तिथे यादवी पेटली आणि मधली काही वर्षं सोडली तर 2003 पर्यंत ती विझली नाही. शाळेत जायच्या वयाच्या मुलांच्या हाती बंदुका दिल्या गेल्या. बायकांवर काय गुदरलं असेल ते तुम्हाला मी सांगायला नको. 2003 मध्ये लेमा बोवी नावाच्या एका लेकुरवाळ्या बाईने आणि तिच्या सोबतिणींनी चर्चमधून, मशिदींतून, बाजारातून बायका गोळा केल्या. ख्रिस्ती आणि मुसलमान बायका एकाच मैदानात बसू लागल्या. ते मैदान कुठलं? राजधानी मोनरोव्हियातल्या मासळी बाजाराजवळचं. ते निवडलं, कारण राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांच्या गाड्यांचा ताफा त्याच रस्त्याने जायचा. पांढरे कपडे घालून, उन्हापावसात, रोज. मागणी सरळ होती: गोळीबार थांबवा, बोलणी करा.

टेलरना शेवटी त्यांना भेटावं लागलं. पुढे घानाची राजधानी अक्रा इथे बोलणी सुरू झाली, तेव्हा यातल्या काही जणी तिथेही पोचल्या. आठवड्यांमागून आठवडे गेले. पुढारी चांगल्या हॉटेलात राहत होते आणि घरी मोनरोव्हियात तोफगोळे पडत होते. जुलैमध्ये या बायकांनी सभागृहाच्या दारात हातात हात गुंफून बसकण मारली. तोडगा निघेपर्यंत आतल्यांना बाहेर सोडणार नाही, म्हणाल्या. सुरक्षारक्षक अटक करायला आले, तेव्हा लेमा बोवी अंगावरचे कपडे उतरवायला लागली. तिकडे आईच्या वयाच्या बाईने असं करणं हा पुरुषांना शाप समजला जातो. रक्षक मागे सरले. 18 ऑगस्ट 2003 रोजी करारावर सह्या झाल्या. करार नुसता या बायकांमुळे झाला असं मी म्हणणार नाही. बंडखोर राजधानीपर्यंत पोचले होते, शेजारच्या देशांचा दबाव होता. पण त्या दारात बसल्या नसत्या तर बोलणी आणखी किती रेंगाळली असती, कोण जाणे. 2011 चं शांततेचं नोबेल तिघींना मिळालं, त्यात लेमा बोवी होती. या सगळ्यावर 2008 साली ‘प्रे द डेव्हिल बॅक टू हेल’ हा माहितीपट निघाला. सुरुवात त्याने करा असं माझं मत आहे, कारण त्यात बायका रडतातच, पण ठरवतात आणि लढतातही. नुसती दुःखं दाखवणारी फिल्म पाहून माणसं हळहळतात आणि घरी जातात.

आणि आपला त्या देशाशी एक धागा आहे. 2007 च्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत लायबेरियात पोलिसांची पहिली महिला तुकडी गेली, ती भारताची. आपल्या सीआरपीएफमधल्या शंभरावर मुली तिथे गस्त घालत होत्या. 2016 पर्यंत अशा तुकड्या एकामागून एक जात राहिल्या.

आता घरीच का? हॉलमध्ये दाखवलं तर गर्दी जास्त जमेल, हे खरं. पण हॉलमध्ये बोलतं कोण? पहिल्या रांगेतले सरपंच, मुख्याध्यापक आणि दोन निवृत्त गृहस्थ. माजघरात, पडवीत, शेजारणीच्या पायाशी बसून बघितलं की नंतर बायका बोलतात. मला त्या बोलण्याचंच मोल वाटतं. रवांडातल्या 1994 च्या वंशसंहारानंतर शेजारच्या टांझानियात, अरुशा शहरात संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या न्यायालयात अकायेसू नावाच्या माजी अधिकाऱ्याचा खटला चालला. सुरुवातीच्या आरोपपत्रात बलात्काराचा शब्दही नव्हता. साक्षीला उभ्या राहिलेल्या बायकांनी ते सांगितलं, तिघा न्यायाधीशांत एकट्या बाई असलेल्या नवी पिल्ले यांनी पुढचे प्रश्न विचारले, आणि आरोपपत्र बदललं. 2 सप्टेंबर 1998 च्या निकालात बलात्कार हाही वंशसंहाराचा भाग ठरला, असं जगात पहिल्यांदाच. समोर ऐकून घेणारं कुणीतरी होतं म्हणून त्या बोलू शकल्या.

मग बोलवायचं कुणाला? आपल्याकडे बायका घरी जमतात त्या हळदीकुंकवाला, आणि तिथे विधवेला अजूनही बोलावणं जात नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने 2022 मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, सरकारने परिपत्रक काढलं. तरी गावोगाव काय चालतं ते आपण जाणतो. युद्ध पहिल्यांदा काय करत असेल तर विधवा. खेड, चिपळूण, मंडणगडच्या कितीतरी घरांत गणवेशातला फोटो भिंतीवर आहे. त्या घरातल्या बाईला पहिलं आमंत्रण द्या आणि तिला पुढे बसवा. मोहल्ल्यातल्या बायकांना बोलवा. बंदरावर हिंदू आणि मुसलमान बायका शेजारी शेजारी टोपल्या मांडतात, मग पडद्यासमोर वेगळ्या का बसाव्यात?

वेळ गावाप्रमाणे ठरवा. कोळीवाड्यात जून-जुलैची मासेमारीबंदी सोयीची, पण वरच्या वाडीत तेव्हा भाताची लावणी चालते, तिथे कुणी येणार नाही. तिथे श्रावण बरा. गणपतीत चाकरमानी आले की घर भरतं, पण सवड कुणाला नसते. प्रोजेक्टर मांडववाल्याकडे भाड्याने मिळतो, पांढरी चादर पुरते, इन्व्हर्टर मात्र आधी तपासा. पावसात लाईट जाणारच. माहितीपट इंग्रजीत आहे, म्हणून कॉलेजातली एखादी मुलगी आधी दोनदा बघू दे, आणि मधे मधे थांबवून तिने आपल्या बोलीत सांगू दे. लहान मुलांना दुसऱ्या घरी ठेवा. माहितीपट ज्यांचा आहे त्यांची दाखवायची परवानगी आधी मागा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. फिल्म संपल्यावर ‘तुमच्यावर असं काही आलंय का’ असं कुणालाही विचारू नका. कुणी आपणहून बोललीच तर ऐका, मधे सल्ला देऊ नका, आणि ते घराबाहेर जाऊ देऊ नका. युद्ध बघताना घरातली मारहाण आठवते, हे मी पाहिलं आहे. 181 हा महिला हेल्पलाईनचा नंबर दाराजवळ मोठ्या अक्षरांत लावून ठेवा, कुणाला विचारायला लागू नये म्हणून.

पैशांचं. डबा दारात ठेवा, रक्कम सगळ्यांसमोर मोजा आणि वहीत लिहा. ते पाठवायचे कुठे? आफ्रिकेतल्या काँगो देशात, बुकावू शहरात डॉ. डेनिस मुकवेगे यांनी 1999 मध्ये उभारलेलं पांझी रुग्णालय अत्याचार झालेल्या बायकांवर उपचार करतं. 2018 च्या शांतता नोबेलचे ते एक मानकरी. परदेशी संस्थेला थेट पैसे दिले तर आपल्याकडे देणगीवरची करसवलत मिळत नाही, हे देणाऱ्यांना आधी सांगा. काही घरं अर्धी रक्कम सैनिकांच्या कुटुंबांसाठी ध्वजदिन निधीला देऊ म्हणतील. जरूर द्यावी. दोन्हीकडे त्याच बायका आहेत.

ज्यांना आपल्या घरी हे करायचं आहे त्यांनी आता थांबा. कुठल्या वाडीत कोण, कधी आणि प्रोजेक्टर कुणाचा, एवढं आजच लिहून घेऊ.