तीन हजार तास आणि अर्धा किलो कुंदा

मंडळी, विषय ठरलाय ‘विवाह समुपदेशक कसा घडतो’. त्याकडे येतोच, पण आधी कुंद्याचं, आपल्या बेळगावच्या मिठाईचं, सांगतो.

भाचा आमचा वडगावचा, सून गोकाकची, कन्नड घरातली. लग्नाला दोन वर्षं झाली आणि वेगळ्या चुलीवरून वाद पेटला. मी म्हटलं, घरात बैठक नको. बैठकीत ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो, आणि आमच्या घरात तो माझाच. (हसू नका, बायको समोर बसलीय.) म्हणून गेलो एका समुपदेशकाकडे. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून अर्धा किलो कुंदा घेतला. तिथंच चुकलं.

भिंतीवर तीन दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट. गृहस्थ बाहेरून आलेले. पन्नास मिनिटांतली चाळीस तेच बोलले, त्यातली पंधरा स्वतःच्या संसारावर. मध्येच सून सवयीनं नवऱ्याला म्हणाली, ‘री, तुम्हीच सांगा की.’ झालं! ‘नवऱ्याला एकेरी हाक मारता?’ आता तुम्हा बेळगावकरांना कन्नडमधलं ‘री’ काय ते मी सांगायला नको. ‘अहो’ला जेवढा मान, तेवढाच त्याला. पोरगी त्यानंतर तोंड उघडेना. कुंदा तेवढा संपला.

त्या माणसाला वाईट म्हणत नाही मी. त्याला कधी कुणी टोकलंच नव्हतं. नीट शिकवतात तिथं विद्यार्थी जोडप्याशी बोलतो तेव्हा काचेपलीकडून ज्येष्ठ पाहत असतो, नाहीतर रेकॉर्डिंग ऐकतो. मग विचारतो, ‘तू सासूची बाजू का घेतलीस? ती बोलताना तुला कोण आठवलं?’ पुस्तकं कुणीही वाचेल हो. हा प्रश्न सोसायला वेळ लागतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मग भराभर सांगतो. अमेरिकेत आधी दोन-तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी लागते. कॅलिफोर्नियात त्याशिवाय देखरेखीखाली ३,००० तासांचा अनुभव, त्यातले किमान ५०० जोडपी, कुटुंबं आणि मुलं यांच्यासोबत. वर दोन परीक्षा, तेव्हा परवाना. आपल्याकडे चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला १९९२च्या पुनर्वास परिषद कायद्याखाली नोंदणी लागते. ‘विवाह समुपदेशक’ या पाटीसाठी वेगळा परवाना नाही. १९८४चा कुटुंब न्यायालय कायदा मात्र म्हणतो, निकालाआधी समेटाचा प्रयत्न करा, समुपदेशक नेमा.

राहिली भाषा. माणूस भांडतो घरच्या बोलीत आणि समुपदेशन शिकवतात इंग्रजीत. ‘डोकं उठलं’, ‘जीव नको झाला’, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? म्हणून आपल्या भागात शिकणाऱ्यानं काही तास मराठीत बसावं, काही कन्नडमध्ये, आणि त्याला तपासणारा ज्येष्ठही दोन्ही जाणणारा हवा. यात सीमाप्रश्न काढू नका, त्याला वेगळी संध्याकाळ लागेल. असा कुणी ज्येष्ठ धारवाडला, निपाणीला, कुठंही ओळखीचा असेल तर सांगा. चहा होईपर्यंत मी इथंच आहे.