नँटकेट: देवमाशाच्या तेलावर उभं राहिलेलं गाव

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या दक्षिणेला, किनाऱ्यापासून सुमारे ४८ किलोमीटरवर नँटकेट नावाचं बेट आहे. वाळूचं, सपाट, सतत वाऱ्याच्या तोंडी असलेलं. पिकाला जमीन बेताची आणि जहाज बांधायला मोठं लाकूड नाही. तरीही अठराव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवरचे दिवे उजळायला याच बंदरातलं तेल जायचं. तेल कशाचं, तर देवमाशाचं. त्याला आपण मासा म्हणतो, पण तो पिल्लांना दूध पाजणारा प्राणी.

मूळची वस्ती वाम्पानोआग या आदिवासी लोकांची. १६५९ साली इंग्रज वसाहतवाल्यांनी बेटाचे हक्क ३० पौंड आणि बीव्हर या प्राण्याच्या केसांच्या दोन टोप्या देऊन घेतले, पण हा व्यवहार झाला दुसऱ्या एका इंग्रजाशी. पुढे शिकारीच्या होड्यांवर वल्ही मारायला वाम्पानोआग पुरुषच असत, आणि त्यातले कितीतरी कर्जापायी बांधलेले असत. १७६३-६४च्या साथीत त्यांच्या ३५८ माणसांपैकी २२२ दगावली. बंदराच्या वैभवाचा हिशेब मांडताना हा आकडा आधी सांगायला हवा.

सगळ्या देवमाशांत मोलाचा स्पर्म जातीचा. त्याच्या डोक्यात स्पर्मासेटी नावाचा मेणासारखा पदार्थ असतो. जिवंतपणी तो पातळ असतो, गार झाला की पांढरा होऊन गोठतो. अंगावरच्या चरबीचे तुकडे जहाजावरच विटांच्या चुलीवर, लोखंडी कढयांत कढवत. लाकडी जहाजावर चूल पेटवायची म्हणून तिच्याखाली पाण्याचा उथळ हौद ठेवावा लागे. डोक्यातला ऐवज मात्र वेगळ्या पिंपांत भरून गावी आणत, कारण खरी कमाई त्यात होती.

गावातल्या मेणबत्तीच्या कारखान्यात तो माल शरद ऋतूत तापवून गाळत आणि पिंपांत भरून थंडीभर गोठू देत. हिवाळ्यात एखादा दिवस जरा उबदार निघाला की तो घट्ट काला फावड्याने लोकरीच्या पिशव्यांत भरायचा आणि भल्यामोठ्या लाकडी तरफेखाली दाबायचा. त्या पहिल्या दाबातून निघे ते हिवाळी तेल. कडाक्याच्या थंडीतही ते गोठत नसे, म्हणून दीपगृहांसाठी त्याला सगळ्यात जास्त भाव. उरलेला भाग वसंतात पुन्हा तापवून पुन्हा दाबायचा, त्यातून कमी प्रतीचं तेल निघे. शेवटी पिशवीत राही ते तपकिरी मेण. राखेतल्या पोटॅशबरोबर उकळून ते पांढरंशुभ्र करत आणि साच्यात ओतत. ही मेणबत्ती प्राण्यांच्या चरबीच्या बत्तीसारखी धुरकट नव्हती, उन्हाळ्यात वाकतही नसे. यात घाई चालत नसे. दिवस जास्त उबदार निघाला की मेण वितळून तेलाबरोबर वाहून जाई आणि दोन्हींची प्रत पडे. १८४७ साली बांधलेला असा एक कारखाना गावात अजून आहे. त्याची अजस्र तुळईची तरफ जागच्या जागी उभी आहे, आणि १९३०पासून तिथे देवमाशांच्या शिकारीचं संग्रहालय आहे. बेटावर जाणाऱ्याने सगळ्यात आधी ती तरफ पाहावी.

ऱ्हासाची कारणं दोन दशकांत एकावर एक येऊन पडली. बंदराच्या तोंडाशी वाळूचा दांडा आडवा पसरलेला. जहाजं मोठी होत गेली तशी भरलेली जहाजं आत येईनात. १८४२मध्ये तरंगत्या गोदीचा उपाय काढला. जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेले दोन पोकळ तराफे आणायचे, साखळ्या तळाखालून घ्यायच्या आणि तराफ्यांतलं पाणी उपसून जहाज वर उचलायचं. युक्ती चालली, पण खर्च आणि वेळ दोन्ही खाणारी. समोरच्या न्यू बेडफर्डला खोल बंदर होतं आणि रेल्वेही होती. १३ जुलै १८४६च्या रात्री टोप्यांच्या दुकानातून आग लागली आणि गावाचा जवळजवळ तिसरा हिस्सा जळाला. धक्क्यावरच्या वखारींतलं तेल पेटून पाण्यावर जळत पसरलं. १८४९मध्ये कॅलिफोर्नियाच्या सोन्याने तरुण ओढून नेले, १८५९मध्ये पेनसिल्व्हेनियात खनिज तेल निघालं. १८६९ साली या बंदरातून शिकारीचं शेवटचं जहाज सुटलं. १८४०मध्ये ९,०००च्या वर असलेली वस्ती पुढच्या ३५ वर्षांत तिसऱ्या हिश्श्यावर आली.

आणि म्हणूनच गाव टिकलं. घर पाडून नवं बांधायला कुणाकडे पैसाच नव्हता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या आधीची ८००हून अधिक घरं तशीच राहिली. विसाव्या शतकात सुटी घालवायला येणाऱ्यांचा पैसा आला तेव्हा धोका सुरू झाला. १९५५मध्ये राज्याच्या कायद्याने जुन्या गावाचं संरक्षित क्षेत्र ठरलं, पुढे ते अख्ख्या बेटाला लागू झालं. खिडकी बदलायची, कुंपण घालायचं, दाराचा रंग बदलायचा, तरी या क्षेत्रासाठी नेमलेल्या आयोगाची परवानगी लागते.

घरं करडी का दिसतात, हा प्रश्न हमखास येतो. भिंतींवर पांढऱ्या सीडरच्या पातळ फळ्या, म्हणजे शिंगल, बिनरंगी ठोकतात. खाऱ्या हवेने त्या काही वर्षांत चंदेरी होतात. एका ओळीचं साधारण १२ सेंटिमीटर अंग उघडं ठेवायचं, बाकीचं वरच्या ओळीखाली झाकायचं. दोन फळ्यांमधली फट खालच्या ओळीतल्या फटीवर कधीच येता कामा नये, कमीत कमी ४ सेंटिमीटर सरकवायची, नाहीतर पाणी थेट आत उतरतं. वाळलेल्या फळ्या एकमेकींना घट्ट भिडवल्या तर पावसात फुगून उचकटतात. आणि साधा खिळा वापरला तर तो खाऱ्या वाऱ्यात गंजून फळीवर काळे ओघळ सोडतो. छपरावरच्या कठड्याच्या मचाणावरून बायका नवऱ्याचं जहाज शोधत, ही गोष्ट फार प्रसिद्ध आहे. पण मचाणाचा रोजचा उपयोग साधा होता: धुराड्यातली काजळी पेटली की वरून वाळू नाहीतर पाणी ओतायला तिथे पोचता यावं.

परवानगीचा कायदा मात्र बाहेरून दिसतं तेवढंच बघतो. आतला जिना, शेगड्या, रुंद पाटांची जमीन, चुन्याचा गिलावा, सगळं उपसून टाकलं तरी त्याला हरकत घेता येत नाही. असं आतून कोरलेलं घर वाचलं असं आम्ही मानत नाही, कारण सुताराने सांधा कसा घेतला हे आतल्या लाकडातच कळतं. उपाय एकच: मालकाने स्वखुशीने संरक्षणाचा करार करून तो जमिनीच्या दस्तात नोंदवायचा. तो पुढच्या प्रत्येक खरेदीदारावर बंधनकारक राहतो. दुरुस्तीतही चुका होतात. जुन्या मऊ विटांच्या सांध्यांत सिमेंट भरलं की ओल सांध्यातून बाहेर पडत नाही, विटेतून पडते, आणि थंडीत गोठून विटेचं तोंड उडवते. तिथे चुनाच हवा.

आता समुद्रच चढतो आहे. बंदराकाठच्या इझी स्ट्रीटवर मोठ्या भरतीला पाणी येतं. २००७मध्ये ढासळत्या कड्यावरचं सँकटी दीपगृह अख्खं उचलून सुमारे १२० मीटर मागे नेलं. दीपगृह एकटं उभं होतं, मोकळी जागा होती, म्हणून ते जमलं. गल्लीतलं घर मागे नेता येत नाही, फक्त वर उचलता येतं. चौकट जॅकवर घेऊन खाली उंच जोतं बांधायचं, पण मग दारापुढच्या पायऱ्या वाढतात आणि अरुंद पदपथ खातात. त्यातच जुन्या घराच्या मधोमध विटांचं अवजड धुराडं स्वतःच्या पायावर उभं असतं. ते चौकटीबरोबर आपोआप वर येत नाही. एकतर त्याला खालून पोलादी तुळयांचा आधार देऊन घराबरोबर उचलायचं, नाहीतर वीट वीट उतरवून, क्रमांक घालून पुन्हा रचायचं.