दोन नोव्हेंबर : ठाण्याची दफनभूमी आणि आत्म्याची पुढची वाट

समोर दिसते आहे ती ठाण्यातील कॅथलिक दफनभूमी, आणि आज २ नोव्हेंबर, म्हणजे सर्व मृतात्म्यांच्या स्मरणाचा दिवस आहे. सकाळपासून घरोघरची मंडळी आपापल्या थडग्यावरचे गवत उपटत आहेत, संगमरवरी पाटीवरचे शेवाळ काथ्याने घासून काढत आहेत, क्रुसावर चुन्याचा हात फिरवत आहेत. झेंडूच्या माळा कडेने मांडल्या जातात. मेणबत्ती उभी करण्याआधी वितळलेल्या मेणाचे दोन-चार थेंब दगडावर पाडले जातात आणि ते थिजायच्या आत तिचा बूड त्यात दाबला जातो. मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना, आटोपल्यावर धर्मगुरू ओळीओळीतून फिरत थडग्यांवर आशीर्वादित पाणी शिंपडतात. ज्याला कोणी वारस उरलेला नाही, ते थडगेही वगळले जात नाही.

या साऱ्या खटाटोपामागची धारणा अशी, की जिवंतांच्या प्रार्थनेचा मृतांना उपयोग होतो. कॅथलिक शिकवणुकीनुसार प्राण जाताच प्रत्येक आत्म्याचा स्वतंत्र न्याय होतो आणि त्याची गती तेव्हाच ठरते; पुनर्जन्म नाही, दुसरी संधी नाही. देवाला जाणूनबुजून अखेरपर्यंत नाकारणाऱ्याच्या वाट्याला नरक येतो, पूर्ण शुद्ध आत्मा थेट स्वर्गात जातो, आणि देवाशी सख्य राखून, पण पुरता शुद्ध न होता गेलेला आत्मा शुद्धिस्थानात थांबतो. शुद्धिस्थान म्हणजे जरा सौम्य नरक, हा समज ख्रिस्ती घरांतही आढळतो आणि तो चुकीचा आहे, कारण तेथल्या प्रत्येक आत्म्याचा स्वर्ग निश्चित असतो. त्याची शुद्धी लवकर व्हावी म्हणून सातव्या दिवसाची, महिन्याची आणि वर्षाची मिस्सा सांगितली जाते. प्रथेचा एक आधार कॅथलिक बायबलमधील मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात आहे : लढाईत पडलेल्या सैनिकांच्या पापक्षालनासाठी यहूदा मक्काबी या ज्यू सेनापतीने दोन हजार द्राख्मा (ग्रीक नाणी) चांदी यरुशलेमला पाठवली होती. प्रॉटेस्टंट पंथांच्या बायबलमध्ये हे पुस्तक नाही आणि शुद्धिस्थानही त्यांना मान्य नाही.

मृत्यूनंतर आत्मा कोठे जातो, या प्रश्नाचा एक धागा थेट ठाण्याशी जुळतो. एप्रिल १३२१ मध्ये तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्री हे फ्रान्सिस्कन संन्यासी संघाचे चौघे याच ठाण्यात धर्माच्या वादातून मारले गेले. त्यांचे सोबती, डॉमिनिकन या दुसऱ्या संघाचे धर्मगुरू जॉर्डानस, यांनी त्यांचे अवशेष सोपाऱ्यास पुरले. पुढे ओडोरिक नावाच्या प्रवासी संन्याशाने त्या अस्थी चीनपर्यंत नेल्या. अस्थी कोठे गेल्या हे कळते. आत्मे कोठे गेले? चर्चच्या प्राचीन परंपरेनुसार हुतात्मा थेट स्वर्गात जातो, म्हणून त्याच्यासाठी प्रार्थना करावी लागत नाही, उलट त्यालाच आपल्यासाठी प्रार्थना करण्यास सांगावे. मात्र ज्या पोप बाविसाव्या जॉनने १३२९ मध्ये जॉर्डानस यांना केरळातील कोल्लमचे बिशप नेमले, त्यानेच दोन वर्षांनी अविन्यो या तेव्हाच्या पोपांच्या निवासस्थानी दिलेल्या प्रवचनांत असे मत मांडले, की अंतिम न्यायाच्या दिवसापर्यंत संतांच्या आत्म्यांनाही देवाचे साक्षात दर्शन होत नाही. युरोपभर विद्वानांनी विरोध केला, आणि डिसेंबर १३३४ मध्ये मृत्युशय्येवर त्याने ते मत मागे घेतले. त्याच्यामागून आलेल्या बाराव्या बेनेडिक्टने २९ जानेवारी १३३६ रोजी निर्णय दिला, की शुद्ध आत्म्यास देवाचे दर्शन मृत्यूनंतर लगेच होते, जगाच्या अंताची वाट पाहावी लागत नाही.

मग अंताच्या दिवशी उरते काय? उरतो देह. ख्रिस्त पुन्हा येईल तेव्हा प्रत्येक आत्मा आपल्या देहाशी जोडला जाईल, असे श्रद्धांगिकार, म्हणजे चर्चमध्ये म्हटला जाणारा श्रद्धेचा कबुलीपाठ, सांगतो, आणि म्हणूनच आत्मा निघून गेल्यावरही या मातीची एवढी निगा राखली जाते. शहरात जागा अपुरी पडत असल्याने काही वर्षांनी थडगे उघडून अस्थी भिंतीतल्या कप्प्यात हलवल्या जातात. दहनाला चर्चने १९६३ मध्ये मुभा दिली; मात्र रक्षा खाडीत किंवा समुद्रात सोडण्यास २०१६ च्या आदेशाने मनाई आहे, ती दफनभूमीसारख्या पवित्र जागीच ठेवावी लागते.