गुलाबाईचा डबा आणि इंग्रजीचा तास

मंडळी, ‘विंटर’ शिकवायचा म्हणून मी एकदा पाचवीच्या फळ्यावर बर्फाचा माणूस काढला. पोरं बघत बसली. बोलणार काय? त्यांचा हिवाळा म्हणजे शेकोटी, कापूसवेचणी आणि शेतातलं भरीत. तेव्हापासून मी भरीतच घेतो. एकाने हुकूम सोडायचे: ‘रोस्ट द ब्रिंजल’, ‘पील इट’, ‘पाउंड इट’. बाकीच्यांनी नुसत्या हातांनी करून दाखवायचं. न सोलताच ठेचायला सांगितलं की वर्ग ओरडतो आणि हुकूम सोडणारा बाद. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास सकाळची शाळा असते. तेव्हा निंबाला झोका बांधायचा. एका झोक्याला एक शब्द, अडला की खाली उतर.

पण माझा लाडका खेळ गुलाबाईचा. काही गावांत तिला भुलाबाई म्हणतात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर पोरी गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखायला लावतात. डबा कानाशी धरून हलवायचा आणि विचारत सुटायचं. अहो, इंग्रजी प्रश्नांचा याहून चांगला सराव कुठल्या पुस्तकात मिळणार?

आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. पोरं फळांची नावं घडाघडा म्हणतात, पण प्रश्न विचारायची वेळ आली की गप्प. कारण सरळ आहे. घरी अहिराणीत ‘गोड शे का?’, शाळेत मराठीत ‘गोड आहे का?’, दोन्हीकडे ‘का’ शेवटी. म्हणून इंग्रजीतही पोरगं ‘इट इज स्वीट?’ म्हणतं आणि आवाज वर नेतं. ‘इज’ला उचलून पुढे आणायचं असतं, हे व्याकरण सांगून डोक्यात शिरत नाही.

म्हणून माझा नियम एकच: ‘इज’ पुढे आला नाही तर डबेवालीने तोंड उघडायचं नाही. प्रश्न दहा. उत्तर ‘येस, इट इज’ किंवा ‘नो, इट इज नॉट’. शेव, मुरमुरे, लाडू यांना इंग्रजी नावं शोधत बसू नका. ‘इज इट शेव?’ हे अस्सल इंग्रजी वाक्य आहे, मी त्याला पूर्ण गुण देतो.

एकदा एका पोरीने आणलेला डबा कितीही हलवला तरी वाजेना. ‘इज इट स्वीट?’ नाही. ‘इज इट हार्ड?’ नाही. ‘इज इट बिग?’ नाही. नऊ प्रश्न संपले. मागच्या बाकावरचा, एरवी तासाला खिडकीबाहेर बघणारा पोरगा उठला.

‘इज इट खाऊ?’

‘नो, इट इज नॉट,’ पोरगी हसत म्हणाली आणि झाकण उघडलं. आत पहिल्या वेचणीचं एक बोंड होतं.