दुसऱ्याच्या वर्गातला पुरावा

नमस्कार श्रोतेहो.

एखादा प्राध्यापक संशोधनात कुठवर पोचला आहे, हे मोजायची मापं विद्यापीठांकडे पुष्कळ असतात. शोधनिबंध आहेत, अनुदानं आहेत, पीएच.डी.चे विद्यार्थी आहेत. पण त्याच्यामुळे इतरांचं शिकवणं सुधारलं का, हे कसं मोजायचं? ब्रिटनमधल्या विद्यापीठांनी यासाठी फेलोशिपची वाट धरली. आज तिच्याविषयी बोलू.

सुरुवात झाली 2000 साली, नॅशनल टीचिंग फेलोशिपने. पहिल्या वर्षी 20 अध्यापक निवडले गेले आणि अध्यापनाच्या प्रकल्पासाठी प्रत्येकी 50,000 पौंड देण्यात आले. पुढे रक्कम घटत गेली आणि संख्या वाढली. आता एक संस्था जास्तीत जास्त तीन नावं पाठवू शकते आणि वर्षाला 55 जणांपर्यंत निवड होते. निकष तीन आहेत : स्वतःचं अध्यापन उत्तम असणं, चांगल्या अध्यापनाची प्रतिष्ठा वाढवणं, आणि इतरांच्या हातून ते घडवणं. तिसरा निकष सगळ्यांत अवघड. शिवाय पदवीचा अभ्यासक्रम काही एकट्याच्या जिवावर चालत नाही. त्यात प्रयोगशाळा सहायक असतो, ग्रंथपाल असतो, परीक्षा विभाग असतो. म्हणून 2016 पासून संपूर्ण गटाला देण्याचा वेगळा पुरस्कार सुरू झाला. उशिराच सुचलेलं शहाणपण म्हणायचं.

पण हे झाले मोजके मानकरी. विद्यापीठाचा रोजचा कारभार बदलतो तो दुसऱ्या, जास्त रुंद जिन्यावर. अध्यापनाची व्यावसायिक मानकं 2006 मध्ये ठरली, 2011 आणि 2023 मध्ये सुधारली गेली, आणि त्यांचं काम ॲडव्हान्स एचई ही संस्था पाहते. या मानकांवर अर्ज तपासून अध्यापकाला फेलो म्हणून मान्यता मिळते, तोच हा जिना. त्याला चार पायऱ्या आहेत : असोसिएट फेलो, फेलो, सीनिअर फेलो, प्रिन्सिपल फेलो. अनेक ब्रिटिश विद्यापीठांत नव्या अध्यापकाला प्रोबेशनच्या काळातच दुसरी पायरी गाठावी लागते. तिकडे नोकरीला लागलेल्या मराठी प्राध्यापकांना हे चांगलं ठाऊक आहे.

पहिल्या दोन पायऱ्यांवर प्रश्न तुमच्या स्वतःच्या तासाचा असतो : आखणी कशी करता, शिकवता कसं, तपासता कसं, विद्यार्थ्याला सल्ला काय देता, स्वतः शिकत राहता का. तिसऱ्या पायरीवर प्रश्नच पालटतो. तुमच्यामुळे इतर शिक्षकांच्या शिकवण्यात काय बदललं, आणि तो बदल सलग टिकला का? चौथ्या पायरीवर तर संपूर्ण संस्थेच्या किंवा त्याहून मोठ्या पातळीवरच्या धोरणाला तुम्ही दिशा दिलीत का, हे विचारतात.

सीनिअर फेलोचे अर्ज अडतात ते याच वळणावर. पहिली चूक म्हणजे पदांची यादी. 'मी विभागप्रमुख होतो, अभ्यास मंडळावर होतो.' असाल, पण पद म्हणजे प्रभाव नव्हे. दुसरी चूक 'आम्ही' या शब्दाची. 'आम्ही अभ्यासक्रम बदलला' असं वाचल्यावर परीक्षकाला कळत नाही की त्यात तुमचा वाटा कोणता. आपल्या माणसांना 'मी' लिहायला संकोच वाटतो, पण इथे तो बाजूला ठेवावा लागतो. तिसरी चूक म्हणजे स्वतःच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांचे उत्तम अभिप्राय जोडणं. तुम्ही चांगलं शिकवता हे त्यावरून दिसेल, सहकाऱ्यांवरचा परिणाम दिसणार नाही. आणि चौथी, एकदाच घेतलेली कार्यशाळा. चाळीस जण आले, चहा झाला, फोटो झाला. पुढे कोणी काय केलं?

मग पुरावा कसा असतो? समजा, रसायनशास्त्राच्या एका अध्यापिकेने प्रयोगवह्या तपासण्यासाठी गुणांचा स्पष्ट तक्ता केला. त्यात निरीक्षणाला किती गुण, मांडणीला किती, निष्कर्षाला किती, हे विद्यार्थ्यांना आधीच कळलं. इथवर गोष्ट फेलोच्या पायरीची. पुढे तिने तीन सहकाऱ्यांना एकत्र बसवलं, त्याच पाच वह्या चौघांनी वेगवेगळ्या तपासल्या, गुणांत फरक कुठे पडतो ते पाहिलं आणि तक्ता सुधारला. पुढच्या वर्षी तो दोन आणखी विषयांच्या माहितीपुस्तिकेत छापला गेला. बाह्य परीक्षकाने अहवालात त्याची नोंद घेतली. वह्या परत मिळायचा काळ किती दिवसांनी घटला, याची तारीखवार नोंद ठेवली. सीनिअर फेलोला हेच लागतं. पण नोंद पहिल्या दिवसापासून ठेवायला हवी. अर्जाच्या आधीच्या महिन्यात 'आधीची स्थिती' शोधायला गेलात, तर ती सापडत नाही.

अर्जाला जोडायच्या शिफारशीचंही तसंच. सगळ्यांत वरच्या अधिकाऱ्याचं गौरवपत्र निरुपयोगी. ज्याचा तास तुमच्यामुळे बदलला, त्या सहकाऱ्याची चार नेमकी वाक्यं जास्त वजनदार.

विद्यापीठाने काय करावं? पाच-सहा जणांचा गट करावा, प्रत्येकाला आधी फेलो झालेला मार्गदर्शक द्यावा, आणि त्याच मार्गदर्शकाला त्या अर्जाचा परीक्षक नेमू नये. मुख्य म्हणजे कार्यभारात तास द्यावेत. रविवारी रात्री लिहिलेला अर्ज रविवारी रात्रीसारखाच थकलेला असतो. आपल्याकडे बढतीसाठी रिफ्रेशर कोर्स मोजले जातात. त्यातून नवं काही कानावर पडतं, हे खरं. पण शेजारच्या वर्गात काय बदललं, हे त्या प्रमाणपत्रावरून कळत नाही.

फेलोशिप मिळाल्यावर ती बहुधा ईमेलखालच्या सहीत जाऊन बसते. तिथून तिला उठवायचं, तर लगेच काम द्यावं लागतं. नव्या फेलोकडे दोन कनिष्ठ सहकारी सोपवावेत. त्याने त्यांचा तास पाहावा, पण आधी दहा मिनिटं बसून 'तुला नेमकं काय पाहून हवंय?' हे विचारावं. तासानंतर दोन-तीन दिवसांत बोलणं व्हावं. आणि त्या निरीक्षणाचा कागद प्रशासनाच्या फायलीत जाऊ नये. तो गेला, की पुढच्या वेळी सहकारी आपला सगळ्यांत सुरक्षित, घोटलेला तासच दाखवतो, आणि पाहण्यासारखं काही उरत नाही.

नमस्कार.