एका स्पर्शिकेत किती भूमिती

(दादर येथे दहावीच्या विद्यार्थी-पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मुलांनो, आणि मुलांच्या आधी वह्या उघडून बसलेल्या पालकांनो,

विषय जाहीर झालाय ‘भूमितीच्या ४० गुणांची तयारी’. गणित भाग २, वेळ दोन तास, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. प्रकरणं सात. सगळी घेऊ, पण सुरुवात चौथ्यापासून, भौमितिक रचनांपासून. पायऱ्या पाठ केल्या की झालं, असं समजून हे प्रकरण शेवटच्या आठवड्यावर ढकललं जातं. मला ते मनापासून खटकतं.

कंपासपेट्या आणल्यात ना? काढा कंपास. पेन्सिलीचं टोक आणि सुईचं टोक एका पातळीत आणा. पाच सेंटीमीटर उघडा आणि पूर्ण वर्तुळ काढा. सुरुवात आणि शेवट ज्यांचे जुळले नाहीत, त्यांनी हात वर करा. अरे वा, पालकांमध्येही दोन हात आहेत! (हशा) घरी गेल्यावर आधी स्क्रू आवळा. ढिल्या कंपासचे पाय फिरताना फाकतात, त्रिज्या वाढत जाते आणि अचूक पायऱ्या लिहूनही आकृती चुकते.

आता प्रश्न. त्रिज्या २.५ सेमी, केंद्र ओ. केंद्रापासून ६.५ सेमीवर बिंदू पी. पीमधून वर्तुळाला स्पर्शिका, म्हणजे वर्तुळाला एकाच बिंदूत टेकणाऱ्या रेषा, काढायच्या. रेख ओपी काढली, आता तिचा लंबदुभाजक, म्हणजे तिला मधोमध काटकोनात छेदणारी रेषा. ‘कंपास निम्म्यापेक्षा जास्त उघडायचा’ हे सगळ्यांना पाठ असतं, पण किती जास्त, हे कुणी विचारत नाही. निम्मं म्हणजे ३.२५. तुम्ही ३.५ घेतलंत तर वरचा आणि खालचा छेदनबिंदू एकमेकांपासून जेमतेम २.६ सेमीवर येतात. इतक्या जवळच्या दोन बिंदूंवर पट्टी ठेवली की अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीनेही रेषा तिरकी होते. पाच सेमी घ्या. तेच बिंदू ७.६ सेमी दूर जातात आणि कंस एकमेकांना जवळजवळ काटकोनात छेदतात, त्यामुळे बिंदू नेमका दिसतो.

दुभाजक ओपीला छेदतो तो एम. एम केंद्र, एमओ त्रिज्या, कंस काढा. तो मूळ वर्तुळाला ए आणि बी मध्ये छेदतो. पीए, पीबी जोडा, त्या स्पर्शिका. काहीजण पीपाशी पट्टी धरून ती वर्तुळाला अंदाजाने टेकवतात. रेषा दिसायला बरोबर दिसते, पण ती रचना नव्हे. कंस पुसूही नका, तुम्ही काय केलंत ते परीक्षकाला त्यांच्यावरूनच कळतं.

पण हे चालतं का? नवीन वर्तुळाचा व्यास ओपी. म्हणून कोन ओएपी अर्धवर्तुळातला, म्हणजे काटकोन. पीए त्रिज्येच्या टोकाशी त्रिज्येला लंब, म्हणून स्पर्शिका. पीए आणि पीबी समान, हे स्पर्शिकाखंडाचं प्रमेय. आणि काटकोन आहे म्हणजे पायथागोरस आलाच: ४२.२५ वजा ६.२५ बरोबर ३६, म्हणून पीए ६ सेमी. पट्टी लावा. एका मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर रचना पुन्हा करा. बघा, एका आकृतीत वर्तुळाची तीन प्रमेयं आणि पायथागोरसचं दुसरं प्रकरण, सगळ्यांची उजळणी झाली. माझा आग्रह एवढाच आहे: रोज एक रचना, आणि प्रत्येक पायरीशेजारी तिचं कारण.

आयोजकांची चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत. बाकीचं भराभर सांगतो.

समरूपतेत शिरोबिंदूंचा क्रम सांभाळा. एबीसी समरूप पीक्यूआर असेल तर एबीच्या खाली पीक्यूच. बाजू २:३ तर क्षेत्रफळं ४:९. वर्ग विसरला की गुण गेले. प्रमेय लिहिताना पक्ष, साध्य, रचना, सिद्धता हे चारही शब्द दिसू द्या. निर्देशक भूमितीत ऋण संख्या कंसात ठेवा. वजा उणे तीनचं अधिक तीन करायला मुलं विसरतात.

त्रिकोणमिती: आपला राजाबाई टॉवर साधारण ८५ मीटर. ओव्हलच्या बाजूने उन्नतकोन, म्हणजे टोकाकडे वर बघतानाचा कोन, ६० अंश धरला तर पायथ्यापासूनचं अंतर ८५ भागिले वर्गमूळ ३. इथे थेट १.७३ ने भागत बसू नका. आधी अंश आणि छेद दोन्हींना वर्गमूळ ३ ने गुणून छेद परिमेय करा, ८५ गुणिले १.७३ भागिले ३, ४९.०२ मीटर. तीनने भागायचं असतं, वेळ वाचतो.

महत्त्वमापनात सूत्रात किमती घालण्याआधी एकक बघा, व्यास दिलाय की त्रिज्या तेही बघा. एक लीटर म्हणजे १००० घनसेंटिमीटर.

घरी जाऊन एक करा. वर्तुळावर एक बिंदू घ्या आणि केंद्राचा वापर न करता तिथे स्पर्शिका काढा. त्या बिंदूतून एक जीवा घ्या, समोरच्या कंसावर तिसरा बिंदू घ्या, त्रिकोण पुरा करा. पुढची किल्ली स्पर्शिका-छेदिका कोनाच्या प्रमेयात आहे. कारणं मात्र शेजारी लिहून आणा.