ओनिगिरी: हातात किती जोर असावा

भात अजून वाफाळतोय तोवर सुरुवात करू, कारण गार भाताची ओनिगिरी, म्हणजे हाताने वळलेला जपानी तिकोनी भाताचा गोळा, नीट वळत नाही. निगिरु म्हणजे मुठीत धरणं, दाबणं, त्यावरून हे नाव, आपल्याकडे मुठीवरून मुटका म्हणतात ना अगदी तसंच. एक गैरसमज आधीच काढून टाकते, ही सुशी नाही, यात व्हिनेगर पडत नाही, फक्त साधा भात आणि मीठ.

तांदूळ मात्र चिकट हवा. जपानी तांदूळ आखूड नि जाडसर, त्यात अमायलोज, म्हणजे भात मोकळा ठेवणारा स्टार्च, कमी असतं म्हणून शिताला शीत धरून राहतं, बासमतीचं ते कामच नाही. जपानी तांदूळ मिळाला तर हलक्या हाताने तीन-चार पाण्यांत धुवा, अर्धा तास भिजवा, 1 वाटीला साधारण 1.2 वाटी पाणी घाला, आणि शिजला की झाकण न उघडता 10 मिनिटं मुरू द्या. नाही मिळाला तर आपला इंद्रायणी घ्या, चव वेगळी लागते पण वळतो छान, मी घरी तोच वापरते.

आता इकडे बघा. हात ओले केले, चिमूटभर मीठ तळव्यावर पसरवलं, साधारण 100 ग्रॅम भात घेतला, मधे खड्डा केला आणि त्यात ही उमेबोशी, म्हणजे मिठात मुरवलेलं आंबट फळ. भाजलेला खारा सामन मासा किंवा टूना-मेयो पण चालतं. डावा हात सपाट, उजवा छपरासारखा वाकवायचा, त्याने वरचा कोपरा येतो, मग फिरवा, दाबा, फिरवा, दाबा, झालं.

जपानमधे राहायला गेले तेव्हा मी पहिल्यांदा लाडू वळतात तसा सगळा जोर लावला होता. शेजारच्या आजींनी माझी ओनिगिरी मधोमध फोडून दाखवली, आत नुसता लगदा! मग त्यांनी स्वतःची फोडली तर बाहेरून घट्ट आणि आत एकेक शीत मोकळं, मधे हवा. तीन-चार दाब बास, असं त्या म्हणाल्या, आणि ते मला जमायला कितीतरी दिवस लागले.

नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा कागद, खायच्या वेळीच गुंडाळा, कुरकुरीत राहतो. दुकानातल्या ओनिगिरीत भात आणि नोरीच्या मधे प्लास्टिक असतं ना, ते 1978 मधे सेव्हन-इलेव्हन या दुकानांच्या साखळीने आणलं ते याचसाठी. फ्रिजमधे ठेवू नका, भात कडक होतो. डब्यात न्यायची असेल तर क्लिंग फिल्ममधे वळा, आणि हाताला कापलं असेल तर उघड्या हाताने अजिबात नको, जंतू भातात वाढतात.

1889 मधे यामागाता प्रांतातल्या त्सुरुओकाला एका देवळातल्या शाळेत गरीब मुलांना दुपारी ओनिगिरी, खारा मासा आणि लोणचं द्यायचे, जपानमधलं शाळेतलं जेवण तिथून सुरू झालं असं मानतात. आणि 17 जानेवारी 1995 ला कोबेचा भूकंप झाला तेव्हा घरं गेलेल्या लोकांपर्यंत स्वयंसेवकांनी हेच भाताचे गोळे पोचवले, ना ताट लागत ना चमचा. ओनिगिरीला ओमुसुबी पण म्हणतात, आणि त्या आठवणीत 17 जानेवारी आता ओमुसुबीचा दिवस म्हणून पाळतात.

चला, पुढे या दोघं-तिघं, पाण्याचं भांडं इथे आहे, मीठ त्या वाटीत, भात गार व्हायच्या आत हात लावा.